खिडकीशी थांबलेली टोपली

१

जिना ही वस्तू ज्याने शोधून काढली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. गाएता या समुद्रकाठच्या गावाच्या जुन्या भागात बस सोडते तिथे रस्ता संपतो आणि पायऱ्या सुरू होतात. त्या पायऱ्या संपल्या की तितीनाबाईंच्या घराचा जिना सुरू होतो, आणि आमची भाड्याची खोली अर्थातच सगळ्यात वर. मी कठड्याला धरून धापा टाकत होते. माझी धाकटी बहीण नेल्ला दोन्ही बॅगा घेऊन पुढे होती.

पूर्वीची नेल्ला असती तर प्रत्येक वळणावर थांबून तिने माझी टर उडवली असती. "एर्सिलिया, क्रेन मागवू का?" असं काहीतरी. आता ती नुसती थांबत होती आणि मी आले की पुढे चालू लागत होती.

तिचा नवरा ऑत्तावियो जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती हसली नव्हती. नेल्लाचं हसणं म्हणजे काय, हे रोममध्ये आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज, मग जराशी शांतता, आणि मग फळीवरची सगळी भांडी खाली. माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे. नेल्ला तिथे नुसती येऊन बसली तरी गिऱ्हाइकं उठायचं नाव घेत नसत. ते हसू मला परत हवं होतं. समुद्र, ऊन, हवापालट हे सगळं लोकांना सांगायला.

तितीनाबाई वर दारातच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"या, या, सिन्योरा! बॅगा केव्हाच आल्या. मला वाटलं, आता बॅगाच राहणार आहेत."

खोली छान होती. दोन लोखंडी पलंग, एक टेबल, त्यावर लिंबांनी भरलेलं पातेलं, आणि गल्लीकडे उघडणारी एक मोठी खिडकी. "हा नळ जोरात फिरवायचा," तितीनाबाई सांगू लागल्या, "ही खिडकी मात्र हळू उघडायची. आणि ही दोराची टोपली, हिच्यामुळे तुमचे पाय वाचतील. खालून दोन हिसके बसले की ओढायची. एकच हिसका बसला तर समजा खालच्या पाववाल्या एराझ्मोला गप्पा मारायच्या आहेत. तिकडे लक्षच द्यायचं नाही."

टोपल्या आम्हाला नवीन नव्हत्या. आमची आई शेजारच्या फोर्मियाची. लग्न होऊन रोमला आली ती दोर आणि टोपली घेऊनच, आणि चौथ्या मजल्यावरून मरेपर्यंत टोपली सोडत राहिली. तिचा एकच नियम होता, आणि तो या किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांचा असतो. कोणाचीही टोपली आपल्या खिडकीशी थांबली तर ती रिकामी जाऊ द्यायची नाही. लिंबू टाका, पावाचा तुकडा टाका, अगदीच काही नसेल तर पुदिन्याची काडी टाका. टोपली रिकामी सोडणाऱ्या बाईबद्दल आई जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२

पहिले दिवस मजेत गेले. म्हणजे माझे. सकाळी मी खिडकीतून टोपली सोडायची आणि ओरडायची, "एराझ्मो, कालचा पाव शिळा होता!"

एराझ्मोची भट्टी बरोबर खाली. वय माझ्याएवढं, पोट माझ्याहून किंचित पुढे. तो बाहेर येऊन, मान वर करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "पाव ताजाच होता, सिन्योरा! तुमचे दात शिळे झालेत!"

गल्लीतल्या खिडक्या हसायच्या. समोरची म्हातारी तर हसून हसून चादरीचा चिमटा खाली पाडायची. नेल्ला माझ्या मागे उभी राहून पाव कापायची. सरळ, एकसारख्या जाडीचे तुकडे. मला वाटायचं, एखादा तरी वाकडा काप गं बाई.

दुपारी जेवण झालं की सप्टेंबरचं ऊन गल्लीत उभं राहतं आणि गल्ली झोपते. खिडक्यांच्या झडपा ओढल्या जातात, भट्टी बंद होते, मांजरं पायऱ्यांवर आडवी होतात. मी आडवी झाले की लगेच घोरते असं लोक म्हणतात. मी स्वतः कधी ऐकलेलं नाही.

अशाच एका दुपारी मला एका आवाजाने जाग आली. कुई, कुई, कुई. विहिरीवरच्या जुन्या कप्पीसारखा. डोळे न उघडताच माझ्या मनात आलं की आमच्या खिडकीला कप्पी नाही, आमचा दोर तर नुसता चौकटीवरून घासत जातो. मग डोळे उघडले. नेल्ला खिडकीपाशी उभी होती आणि खिडकीच्या कट्ट्याशी एक टोपली येऊन थांबली होती.

इवलीशी होती. दोन अंडी मावतील एवढी. ऑलिव्हच्या काड्यांची, वापरून वापरून काळी झालेली. दोर वर गेला होता. टोपली जराही हलत नव्हती.

"कोणाची गं?" मी विचारलं.

"काय माहीत. वरून आली."

"मग बघत काय बसलीस? टाक काहीतरी. आई बघतेय."

नेल्लाने पातेल्यातलं एक लिंबू घेऊन टोपलीत ठेवलं आणि दोराला दोन हिसके दिले. कुई, कुई करत टोपली वर गेली. आणि वरून हसू आलं. बायकांचं, तीन-चार जणींचं तरी, स्वयंपाकघरात एखादीने चावट काहीतरी सांगावं आणि बाकीच्या फुटाव्यात तसं. नेल्लाने मान वर केली. तिला उचकी लागल्यासारखं झालं. मग जराशी शांतता. आणि मग सगळी भांडी खाली.

मी उशीत तोंड खुपसून रडले. आनंदाने, आणखी कशाने! त्या क्षणी कोणी येऊन म्हणालं असतं की बाई, ती टोपली सैतानाची आहे, तर मी म्हटलं असतं, असू दे, त्याला बसायला खुर्ची द्या आणि कॉफी विचारा.

आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, हे मला संध्याकाळी आठवलं.

३

आता मी काही भित्री बाई नाही. डोक्याने चालणारी आहे. मी स्वतःला सांगितलं, वर गच्ची असेल. बायका कपडे वाळत घालायला जात असतील. खाली दोन नवीन पाहुण्या आल्यात, करू थोडी गंमत, असं त्यांना वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी टोपली परत आली ती भरून. नियमच आहे तसा, घेतलं की उलट द्यायचं. आत अंजिराच्या पानात गुंडाळलेला तिएल्लाचा मोठा तुकडा होता. दोन जाड पाऱ्यांमध्ये ऑक्टोपस, टोमॅटो आणि काळी ऑलिव्हं, कडा बोटांनी दाबून बंद केलेल्या. इतका गरम की बोटं भाजली. त्यातला पाऊण भाग मी खाल्ला. भीती वाटत असेल तर इतकं जेवण जात नाही, त्यामुळे मला भीती वाटत नव्हती असं म्हणायला हरकत नाही.

"वरच्यांच्या हाताला चव आहे हो," मी संध्याकाळी एराझ्मोला म्हणाले. "तुमच्या तिएल्लाला लाजवतील."

"वरचे कोण?"

"आमच्या वर राहतात ते."

"तुमच्या वर?" तो कणीक मळता मळता थांबला. "तुमच्या वर कबुतरं राहतात, सिन्योरा. आणि गाएताची कबुतरं आळशी. त्यांनी आजवर कधी काही शिजवलेलं नाही."

सगळे हसले, मीही हसले. पण रात्रीच्या जेवणाआधी मी किल्ल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या चढले. हे काम मी सुखासुखी करत नाही. तिथून आमच्या घराचं छप्पर दिसतं. उतरती लाल कौलं, दोन कौलांच्या मधे उगवलेलं गवत, एक मोडकी अँटेना. गच्ची नाही, खिडकी नाही, दार नाही. वळचणीच्या खाली लगेच आमची खिडकी. कौलावर एक लिंबाची साल पडली होती, सुरीने एका दमात सोललेली, लांबलचक.

मी बराच वेळ तिथे बसले. मग डोकं चालवलं. शेजारच्या घरातून काठी पुढे काढून दोर सोडत असतील. आमची दक्षिणेकडची माणसं, कुठून काय लोंबकळत ठेवतील याचा नेम नाही. साल कबुतराने आणली असेल.

खाली आले तर नेल्ला आरशासमोर गाणं गुणगुणत केस विंचरत होती. "एर्सिलिया, उद्या माझे केस काप ना," ती म्हणाली. "जरा तरुण दिसतील असे."

मी कबुतरांचा विषय काढलाच नाही.

४

मग टोपली रोज यायला लागली, भर दुपारी, गल्ली झोपली की. आणि रोज किंचित मोठी.

हे मला आधी कळलं नाही. कोणीही म्हणेल की डोळ्यांचा भ्रम. पण मी आयुष्यभर केस कापले आहेत, बोटभर फरक मला लांबून दिसतो. दोन अंड्यांची टोपली पाव मावेल एवढी झाली. मग कलिंगड मावेल एवढी. काड्या त्याच, काळा रंग तोच, मुठीवरची गाठ तीच. दोर मात्र जाड होत चालला होता.

नेल्ला टोपलीप्रमाणे द्यायला लागली. आधी बिस्किटं. मग तिची निळी ओढणी. मग चांगले नवे सँडल. "अगं, ते कशाला?" मी म्हणाले.

"त्यांनी अंजिरं किती पाठवली बघ. एवढ्या अंजिरांना एक लिंबू देऊ का? लाज नाही वाटणार?"

आईनेच शिकवलेलं. आणि खरं सांगते, मला तिला अडवायचंही नव्हतं. नेल्ला हसत होती. सकाळी समुद्रावर ती माझ्यावर पाणी उडवत होती. एराझ्मोला तिने भर गल्लीत हाताला धरून नाचवलं, तर त्याच्या पिठाची पाच बोटं तिच्या पाठीवर उमटली आणि तितीनाबाईंनी वरून ओरडून विचारलं, "लग्न कधी?" माझ्या जिन्यावरच्या धापांची नक्कल तिने अशी केली की मी चिडले आणि मग पोट धरून हसले. माझी बहीण मला परत मिळाली होती. ज्या झाडाची फळं गोड आहेत त्याच्या मुळाशी काय आहे हे उकरून बघायला मी काय वेडी होते?

फक्त दुपारी मला झोप लागेनाशी झाली. डोळे मिटून पडलं की वरचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, पण सूर ओळखीचा. माझ्या दुकानात शनिवारी असतो तसा, बायका एकमेकींना मधेच तोडतायत, कोणीतरी कोणाची तरी खिल्ली उडवतंय. नेल्ला खिडकीत कोपरं टेकून वर बघून उत्तरं द्यायची. "हो का?" "मग पुढे?" "छे गं, मी नाही!" मी डोळे उघडले की सगळं गप्प व्हायचं, आणि नेल्ला माझ्याकडे वळून म्हणायची, "झोप ना तू."

एके दुपारी तिने ऑत्तावियोचं घड्याळ टोपलीत टाकलं. जाडजूड, पोलादी, बोटीवरच्या माणसाचं घड्याळ. तो गेल्यापासून ते तिच्या मनगटावर होतं. आंघोळीलाही ती ते काढत नसे. तिने ते पाव ठेवावा तितक्या सहज ठेवलं आणि दोन हिसके दिले.

"नेल्ला!" मी पलंगावर उठून बसले. "ते ऑत्तावियोचं आहे!"

"माहीत आहे," ती हसत म्हणाली. "मला जड व्हायला लागलं होतं."

दीड वर्ष मी देवाजवळ हेच मागत होते, की हिला ते घड्याळ काढता यावं. आणि आता तिने ते काढलं तर मला ते परत तिच्या हातात घालावंसं वाटत होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली तितीनाबाईंकडे गेले. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पण एक मूठ घेतली आणि सोलायला लागले, म्हणजे बोलणं सोपं जातं.

"तितीनाबाई, आमच्या खिडकीशी दुपारी एक टोपली येते."

"मग टाका काहीतरी. तुमच्या आईने शिकवलं नाही का?"

"टाकतो आम्ही. पण ती कोणाची?"

"ते टोपलीला विचारा. मला काय ठाऊक?" त्या हसल्या. "गल्लीत पन्नास टोपल्या आहेत. सगळ्यांच्या सासवा सारख्या, टोपल्या सारख्या."

"वरून येते."

"वरूनच येणार. खालून वर उडत येणारी टोपली मी तरी पाहिलेली नाही."

मी शेंगा सोलत राहिले. त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नसावं. मग सहज म्हणाले, "मोठी होत चाललीय."

तितीनाबाईंची बोटं थांबली नाहीत, पण त्यांनी दाणे साली टाकायच्या भांड्यात टाकले आणि साली दाण्यांत. "केवढी?" त्यांनी विचारलं.

मी हात पसरून दाखवलं.

त्या उठल्या. कॉफी केली. साखर घालतच राहिल्या, पाक होईपर्यंत. कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळच्या बसला गर्दी नसते. पुढच्या दिवसांचं भाडं मी परत देईन."

"आम्ही आणखी चार दिवस आहोत."

"तुम्ही आहात हो," त्या म्हणाल्या. मग एकदम मोठ्याने, नेहमीच्या आवाजात, "आणि जाताना लिंबं घेऊन जा! यंदा लिंबांनी नुसता उच्छाद मांडलाय."

वर जाऊन मी नेल्लाला सांगितलं की उद्या निघू या, दुकान मुलींवर टाकून आलेय, मला चैन पडत नाही.

"तुला हेवा वाटतो," नेल्ला म्हणाली. चिडून नाही, लाडाने. तिने माझ्या गालाला हात लावला. "माझ्या नव्या मैत्रिणींचा हेवा वाटतो माझ्या म्हातारीला. बरं, जाऊ उद्या. तू म्हणशील तसं."

इतक्या लवकर तिने आयुष्यात कधी माझं ऐकलं नव्हतं. मी मात्र खूश होऊन बॅगा भरायला घेतल्या.

६

त्या दुपारी मी झोपणार नव्हते. खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले. नेल्ला पलंगावर शहाण्यासारखी पडली होती. समोर ऊन, खाली गल्ली चिडीचूप, पोटात एराझ्मोने निरोपाचा म्हणून फुकट दिलेला पाव आणि वर वाइन. मी डुलकी घेतली असणार.

जाग आली ती अंधाराने. मला वाटलं संध्याकाळ झाली. मग लक्षात आलं की झडपा सताड उघड्या आहेत, पण खिडकीच भरली आहे. काळ्या काड्यांची वीण, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. द्राक्षांच्या हंगामात बायका पाठीवर घेतात त्याहून मोठी टोपली. फटींमधून उन्हाचे बारीक ठिपके खोलीत पडले होते. जुन्या लाकडाचा, ताज्या पावाचा आणि लिंबाचा वास येत होता. भयंकर असं त्यात काही नव्हतं. भूक लागावी असा वास होता.

नेल्ला कट्ट्यावर चढली होती. अंगात चांगला हिरवा पोशाख, ओठांना रंग, मी कापलेले केस नीट बसवलेले, हातात पर्स. एक पाय टोपलीत होता.

"नेल्ला," मी म्हणाले.

"अगं, उठलीस?" तिचा चेहरा फुलला होता. लग्नाच्या दिवशीही इतका नव्हता. "मी म्हटलं उठवू नये तुला. घोरत होतीस, त्या सगळ्या हसत होत्या."

"खाली उतर."

"अशी कशी उतरू? थांबलीय बिचारी किती वेळ. रिकामी पाठवू?"

"लिंबू टाक! सगळी लिंबं टाक! पातेलं टाक!"

तिला माझं बोलणं फार विनोदी वाटलं. उचकी लागली. मी धावले, तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मागे ओढलं. ती टोपलीत वाकली होती, अर्धी आत होती, आणि हसत होती, सगळी भांडी एकामागून एक कोसळत होती. तिच्यात काही वजन नाही, पण त्या क्षणी असं वाटलं की दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी तिला धरलं आहे, प्रेमाने, घट्ट. मी कट्ट्याला गुडघा टेकवला आणि जोर लावताना वर पाहिलं.

पाहायला नको होतं. वळचणीच्या पलीकडे दोर जिथे जात होता तिथे हात होते. बायकांचे हात, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, काहींना पीठ लागलेलं. जाळं ओढतात तसे एकामागे एक, खूप. एका हातावर ऑत्तावियोचं घड्याळ होतं. हातांच्या मागे भिंत नव्हती, खिडकी नव्हती. आभाळ होतं. आणि एक डोकं पुढे वाकत होतं, आमच्याकडे बघायला. त्याचे केस कसे आहेत ते मी पाहिलं. मला जे काम येतं ते मी तेवढ्यात केलं, आणि मग डोळे मिटले. ते केस मी ओळखले एवढंच सांगते. कोणाचे ते विचारू नका.

दोन हिसके बसले. नेल्लाने दिले की वरच्यांनी, मला माहीत नाही. आम्ही दोघी मागे फरशीवर पडलो आणि खोलीत ऊन आलं. कुई, कुई, कुई. टोपली वर गेली, रिकामी. आयुष्यात पहिल्यांदा मी एक टोपली रिकामी जाऊ दिली होती. नेल्ला माझ्या मांडीवर होती, उबदार, श्वास घेणारी, माझी. मी जिंकले होते. मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि ओरडले, "गेली! गेली मेली!"

तेव्हा वरून हसू आलं. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज. मग जराशी शांतता.

मी खाली बघितलं. नेल्लाचं तोंड मिटलेलं होतं. ती छताकडे बघत होती, आणि वर, कौलांच्याही वर, भांडी फुटत होती आणि बाकीच्या बायका खूश होऊन ओरडत होत्या.

७

नेल्लाची तब्येत उत्तम आहे. ती जेवते, झोपते, दुकानात येऊन बसते. गिऱ्हाइकांना टॉवेल देते. कोणी विनोद सांगितला की ती सांगणाऱ्याकडे नीट बघते आणि तो संपेपर्यंत सभ्यपणे थांबते. रडतही नाही. डॉक्टर म्हणतात, दुःख असतंच असं, वेळ द्या. डॉक्टर चांगला मुलगा आहे. मी त्याला बाकीचं सांगितलं नाही.

ख्रिसमसला मी तिला जिन्यावर मुद्दाम पुढे जाऊ दिलं आणि मागून खूप धापा टाकल्या, बैलासारख्या. ती वळून म्हणाली, "एर्सिलिया, तुला पाणी हवं का?" आणि खरंच पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

परवा तितीनाबाईंना फोन केला. सप्टेंबरसाठी तीच खोली हवी म्हटलं. त्यांनी विचारलं, "दोघींसाठी?"

"एकटीसाठी," मी म्हणाले. "बहिणीला दुकान सांभाळायचंय."

"सिन्योरा एर्सिलिया," त्या म्हणाल्या, "टोपली पुन्हा येईलच असं नाही. मागच्या वेळी रिकामी गेलीय. नाराज असतील."

"म्हणूनच येतेय. उलट द्यायचा नियम त्यांनाही आहे ना? त्यांनी माझ्या घरातलं हसू नेलंय. मी त्याच्या तोडीचं काहीतरी घेऊन येते, बदल्यात त्यांनी ते परत द्यावं."

"काय आणणार?"

मी दुकानाच्या आरशात बघितलं. मागे नेल्ला टॉवेलांच्या घड्या घालत होती, सरळ, एकसारख्या. तिने मान वर केली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळा मारला. ती बघत राहिली.

"ब्याऐंशी किलो आहे मी, तितीनाबाई," मी फोनमध्ये हळूच म्हणाले. "दोर नीट धरा म्हणावं त्यांना."